सूप निवेपर्यंत

थोरली पोटापाण्यासाठी जंत पाळायची. हे तिचंच वाक्य. कुणी नोकरीचं विचारलं की ती असंच सांगायची, आणि समोरच्याचा चेहरा कसनुसा झाला की मग हसत खुलासा करायची, की हे पोटातले जंत नव्हेत, मातीतले आहेत, डोळ्यांना धड दिसतसुद्धा नाहीत आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. प्रयोगशाळेत तिला जंतबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. प्रयोगशाळेतल्याच शेजारच्या टेबलावरच्या ज्या सहकाऱ्याला सगळे चष्मिस म्हणायचे, त्याच्यापेक्षा आपलं बरं, असं तिचं मत होतं.

घरी मात्र ती थोरली. आई तशी हाक मारायची, म्हणून नवराही मारायला लागला. नवीन माणूस हमखास विचारायचा, मग धाकटी काय करते? धाकटी नव्हती. म्हणजे होती, एका दिवसापुरती. थोरली जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा आईला दुसरी मुलगी झाली. पांढरीफटक, मूठभर, रडलीसुद्धा नाही. संध्याकाळच्या आत गेली. त्यानंतर त्या घरात तिचा विषय कुणी काढला नाही, पण हाक तेवढी राहिली.

आता थोरलीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, दोन्ही वेळा एकाच तऱ्हेने. सुरुवातीला सगळं छान, मग तपासणीत बाळ लहान दिसायला लागायचं, मग वाढ थांबायची, मग काहीच दिसायचं नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सगळे कागद समोर पसरून सांगितलं होतं की तुमच्या रक्तात कशाचीही कमी नाही, बी-ट्वेल्व्ह तर हवं त्याहून जास्त आहे, पण बाळापर्यंत ते पोचत नसावं. का पोचत नाही ते मला सांगता येत नाही. असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

थोरलीच्या पाहण्यात होतं. रोज सकाळी दहा वाजता ती तेच बघत बसायची.

तिच्या टेबलावरच्या जंतांची एक जात बिघडलेली होती. जंताची मादी जिवाणू खाते, त्यातलं बी-ट्वेल्व्ह तिच्या आतड्यात येतं, आणि आतड्याच्या भिंतीतलं एक प्रथिन दारवानासारखं उभं राहून ते बाहेर सोडतं, अंड्यांकडे. या जातीत तो दारवानच नव्हता. मादी खाऊनपिऊन टुमटुमीत, आणि तिच्याच पोटातली अंडी उपाशी. चष्मिस म्हणायचा, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. आपल्याकडे आड तुडुंब आणि पोहरा कोरडा. पहिल्यांदा तो हे बोलला तेव्हा थोरली मनापासून हसली होती. दुसरं बाळ गेल्यावर त्याने ते म्हणायचं आपणहून बंद केलं.

उपास ओळखायची सोय त्यांनी जंतांच्या अंगातच करून ठेवली होती. या जंतांना बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की निळ्या उजेडात त्यांचं अंग हिरवं चमकायचं. पोट भरलं की विझायचं. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली प्लेट सरकवली की आधी काहीच दिसायचं नाही, कारण आया विझलेल्या असायच्या, तृप्त. मग डोळा सरावला की त्या काळोख्या अंगांच्या आत ओळीने हिरवे ठिपके दिसायला लागायचे. ती अंडी. दुसऱ्या दिवशी ठिपके तिथेच असायचे, पण कुठलीच हालचाल नसायची. प्लेटवर बी-ट्वेल्व्ह अक्षरशः ओतलं तरी शंभरात चारदोन वाचायची. थोरली त्या आयांचा रागराग करायची. आपण कुणाचा राग करतो आहोत हे कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

तिसऱ्या वेळी आई राहायला आली. बोलावलं नव्हतं, एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, मी आता इथेच. नवऱ्याने पिशवी आत नेली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर आईचं झालं, आणि संध्याकाळी थोरली कामावरून आली की तिच्यासाठी गाजर-बटाट्याचं पातळ सूप तयार असायला लागलं.

सुपात विशेष काही नव्हतं. गाजर, बटाटा, मीठ, पाणी. देण्याची रीत मात्र आईची स्वतःची. उकळतं सूप वाटीत ओतायची, वाटी दोन्ही तळहातांत धरायची आणि खिडकीशी स्टुलावर बसून राहायची. बोलायची नाही. बऱ्याच वेळाने उठून वाटी थोरलीच्या पुढे करायची आणि म्हणायची, घे, निवलंय.

निवलेलं नसायचं. पहिल्याच घोटाला थोरलीची जीभ पोळली. पण आईचा उत्साह कशाला मोडा म्हणून ती फुंकून फुंकून प्यायली. वाटी घेताना आईच्या बोटांना हात लागला तेव्हा तिला जरा दचकायला झालं होतं. उकळतं सूप इतका वेळ धरलेले ते हात बर्फासारखे गार होते.

तपासणीत बाळ वयाच्या मानाने चांगलं निघालं. पुढच्या तपासणीत त्याहून चांगलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा आकडा दोनदा मोजला, मग पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. थोरलीने घरी येईपर्यंत दम धरला आणि दार लावल्यावर नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. आई स्वयंपाकघरात गाजरं किसत होती.

आईत काय बदल होतोय हे आधी नवऱ्याच्या लक्षात आलं. आईची एक चप्पल जिन्यात पडलेली असायची आणि आई एकाच पायात चप्पल घालून वर आलेली. पाय अनवाणी आहे हे तिला समजायचंच नाही. भिंतीला धरून चालायला लागली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली. चेहऱ्याचा रंग उतरला. मग शब्द जायला लागले. चमच्याला ती "ते ढवळायचं" म्हणायची. एक दिवस जावयाला म्हणाली, "बसा ना, पाहुणे. ती येईलच एवढ्यात." तो बिचारा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला.

सगळं विसरली तरी सूप ती विसरत नव्हती.

थोरलीने तिला आपल्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. इतकं सरळ कारण निघालं म्हणून थोरलीला हायसं वाटलं. इंजेक्शन दिलं की झालं. दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं तर पातळी होती तिथेच. आणखी इंजेक्शनं झाली. जेवणात, पोटात, आतड्यात काही दोष सापडेना. डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले.

"मी भरतेय आणि हे कुठेतरी जातंय," त्या म्हणाल्या. "कुठे जातंय तेवढं कळलं पाहिजे. आणि लवकर. नसा एकदा गेल्या की परत येत नाहीत. डोकंही तसंच."

कुठे जातंय, हा प्रश्न थोरली जंतांच्या बाबतीत रोज विचारायची. त्या संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि दारातूनच आईकडे बघत उभी राहिली. आई खिडकीशी बसली होती. मांडीवर हात, हातांत वाटी, वाटीतून वाफ. आईचे डोळे उघडे होते, पण ती कशाकडेच बघत नव्हती. ओठ किंचित हलत होते, मोजत असल्यासारखे. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता, आणि थोरलीला उगाचच वाटलं की आपण आत पाऊल टाकलं तर काहीतरी सांडेल. वाफ कमी होत नव्हती. आईची नखं मात्र तिच्या देखत निळसर होत गेली.

"आई, चटका नाही बसत तुला?"

"बसायचा आधी," आई म्हणाली. "आता नाही बसत."

शिकल्यासवरलेल्या माणसाला भुताची भीती वाटली की तो तपासणी करतो. थोरलीने त्या दिवशी सूप प्यायच्या आधी दोन लहान बाटल्या भरल्या. एकीत आईच्या हातच्या वाटीतलं सूप, दुसरीत त्याच पातेल्यातलं, आईने हात न लावलेलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोन्ही गाळून घेतली आणि बिघडलेल्या जातीच्या दोन प्लेटींवर एकेक थेंब सोडला. भाजीपाल्यात बी-ट्वेल्व्ह नावालाही नसतं. म्हणजे दोन्हीकडे काहीच व्हायला नको. आपण वेडेपणा करतोय, हे उद्या ठरलं की बरं वाटेल, असं म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पातेल्यातल्या सुपाच्या प्लेटवर नेहमीचंच होतं. काळ्या आया, आत हिरवी अंडी. वाटीतल्या सुपाची प्लेट तिने सरकवली आणि तिला वाटलं दिवाच लागलेला नाही. तिने दिवा बघितला. लागला होता. प्लेटवर हिरवा ठिपका एकही नव्हता. साधा उजेड करून बघितलं तेव्हा कळलं की अंडी फुटली होती. पिल्लं जिवंत होती, सगळी. आणि एरवी फुटल्याफुटल्या चहूकडे पांगणारी ती पिल्लं थेंब पडला होता त्या जागेभोवती दाटीवाटीने पडून होती, सगळ्यांची तोंडं आत.

तिने पहिला संशय स्वतःवर घेतला. त्यांच्या धंद्यातली नेहमीची चूक ती हीच: जंत उचलायची प्लॅटिनमची तार नीट तापवून घेतली नाही तर धडधाकट जातीच्या प्लेटवरची अंडी-पिल्लं तिला चिकटून बिघडलेल्या जातीच्या प्लेटवर जातात, आणि तेवढ्यावर सगळा प्रयोग बोंबलतो. तिच्याइतक्या जुन्या माणसाने असं करणं लाजिरवाणं होतं, पण त्या क्षणी तिला तीच लाज हवी होती. तिने नव्याने सूप आणलं, बाटल्यांवर नुसत्या खुणा केल्या आणि चष्मिसला म्हणाली की हे तू कर, कुठल्या बाटलीत काय आहे ते मी सांगणार नाही. त्याने तार लाल होईपर्यंत तापवली, प्रत्येक जंताला पुन्हा पुन्हा तापवली. वर तिची थट्टाही केली, की पोटुशी बाई जंतांनाही सूप पाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा त्याने चष्मा काढून हातात धरला होता.

"या दुसऱ्या प्लेटवरच्या आया कुठून आणल्यास?" त्याने विचारलं. "यांचं दार दुरुस्त झालंय."

"त्याच आहेत," थोरली म्हणाली.

तिने दोन्ही प्लेटी उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग काय वाटलं कोण जाणे, दुसरी परत काढून, झाकण लावून कपाटात ठेवली.

घरी आई खिडकीशी होती. थोरलीने तिच्या हातातली वाटी काढून घेतली. आईची बोटं सुटता सुटेनात; एकेक करून उघडावी लागली. सूप मोरीत ओतलं आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसली. तिला ओरडायचं होतं, पण समोरच्या चेहऱ्यात ओरडून घेण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

"तू हे काय करतेयस, तुला कळतं का गं?"

आईने तिच्याकडे बघितलं. शब्द शोधायला तिला वेळ लागला.

"धाकटीच्या वेळी मला जमलं नाही," ती म्हणाली. "मी खूप खात होते. सगळं माझ्याच अंगाला लागलं."

एवढं बोलून तिने रिकामे हात पुन्हा मांडीवर वाटीच्या आकारात ठेवले.

त्या दिवसापासून थोरलीने पातेलं, वाटी, गॅस, सगळं आपल्या ताब्यात घेतलं. सूप ती स्वतः करायची आणि आई झोपलेली असताना उभ्या उभ्या प्यायची. इंजेक्शनं चालूच होती, आणि आता ती लागू पडायला लागली. रक्तातली पातळी चढली. आईच्या तोंडावर रंग आला. आधी पायांना मुंग्या येतात म्हणून तिने तक्रार केली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ही चांगली खूण आहे, नसा जाग्या होतायत. मग ती भिंत सोडून चालायला लागली. चमच्याला चमचा म्हणायला लागली. एका सकाळी जावयाला म्हणाली, "चहात साखर किती ते अजून कळत नाही तुम्हाला, इतकी वर्षं संसार करून." तो इतका खूश झाला की तो गोडमिट्ट चहा स्वतःच पिऊन टाकला. घरात हसणं परत आलं होतं. थोरलीही हसली. दिवसातून दहादा पोटावर हात ठेवायची, आणि हात ठेवलेला कुणाला दिसणार नाही असा.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा मोजला. या वेळी हसल्या नाहीत.

"मागच्या वेळेइतकंच आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे वाढलं नाही?"

"मागच्या वेळेइतकंच आहे," त्या पुन्हा तेच म्हणाल्या, आणि पडदा तिच्या बाजूला वळवायचं विसरल्या. किंवा विसरल्या नसतील.

थोरली घरी पायी आली. वाटेत तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. माणूस स्वतःला समजावायला निघाला की त्याच्याएवढा हुशार वकील शोधून सापडत नाही. थोडेच दिवस राहिलेत. इंजेक्शनं वाढवता येतील. आई आता बरी आहे, थोडं सोसेल. बाळ झालं की लगेच थांबवू, मग आईला जन्मभर हातावर झेलू. आईला तर हेच हवंय. मी कोण तिला अडवणार? शेवटच्या मुद्द्यावर तिला स्वतःचीच किळस आली, पण पाय थांबले नाहीत. पोटात सकाळपासून हालचाल नव्हती. ती जिन्यात थांबली, श्वास धरला, वाट बघितली. काहीच नाही. मग अगदी खोलवर काहीतरी एकदा हललं, कुणी दमून कूस बदलावी तसं, आणि पुन्हा शांत झालं.

आई खुर्चीत बसून जावयाच्या शर्टाला बटण लावत होती. सुई तिने स्वतः ओवली होती. थोरलीला बघून म्हणाली, आलीस? आज उशीर केलास. मग चेहरा बघितला आणि सुई शर्टात टोचून शर्ट बाजूला ठेवला. काय झालं म्हणून विचारलं नाही.

थोरली स्वयंपाकघरात गेली. गाजरं चिरली, बटाटे चिरले, पाणी ठेवलं. उकळी फुटेपर्यंत ती गॅसकडे बघत उभी होती. अजून वेळ आहे, अजून ओतून देता येईल, असं तिचं तिला सांगणं चालू होतं. उकळी फुटली. तिने वाटी भरली, फडक्यात धरून बाहेर आणली, आणि खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

आईने आपणहून दोन्ही हात पुढे केले.

तळहात आता चांगले झाले होते, गुलाबी, ऊबदार. वाटी त्यांच्यात आली आणि आई कळवळली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, बोटं ताठ झाली, ओठ घट्ट मिटले. आता तिला चटका बसत होता. पण वाटी तिने सोडली नाही. खुर्ची सरकवून हळूहळू खिडकीकडे तोंड केलं.

थोरलीने तिच्या हाताखाली फडकं दिलं नाही. ती समोर जमिनीवर बसली आणि आईचे हात गार व्हायची वाट बघू लागली.